आतल्या यंत्राची साक्ष

१२ ऑगस्ट २००८. जगभरातल्या अनेक सर्व्हर रूममधून त्या दिवशी एकच तक्रार आली: बंद केलेली व्हर्च्युअल मशीन पुन्हा चालू होत नाही. जी चालू होती तिला काहीच झालं नव्हतं. पण देखभालीसाठी म्हणून कुणी एखादी बंद केली, की ती पुन्हा उठायला तयार नसे. पडद्यावर येई ते 'जनरल सिस्टिम एरर, इंटर्नल एरर', म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढंच. डिस्क तपासावी तर ठीक, मेमरी तपासावी तर ठीक, कारण त्या मशीनमध्ये बिघाड नव्हताच. व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ या आवृत्तीत चाचणीच्या काळातली मुदतीची तपासणी काढायची राहून गेली होती. ठरलेली तारीख उजाडली आणि खालच्या सॉफ्टवेअरने मानलं की आपला परवाना संपला, आता एकही मशीन सुरू करायची नाही.

पॅच येईपर्यंतचा उपाय सोपा होता आणि धोक्याचाही. होस्टचं, म्हणजे खालच्या खऱ्या संगणकाचं घड्याळ मागे फिरवायचं, की मशीन सुरू व्हायची. पण ती मशीन आपली वेळ होस्टकडून घेत असेल तर तीही मागच्या तारखेत जाऊन बसे. विंडोजच्या डोमेनमध्ये लॉग-इन तपासणारी कर्बेरॉस पद्धत सहसा ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही, त्यामुळे मशीन उठली तरी तिच्यात कुणाला शिरता येईलच असं नव्हतं. कंपनीची सूत्रं नुकतीच हाती घेतलेल्या पॉल मारिट्झ यांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली.

व्हर्च्युअल मशीनच्या दुरुस्तीत जे जे अवघड आहे ते बहुतेक सगळं या एका प्रसंगात दिसतं. एका खऱ्या संगणकावर हायपरव्हायझर नावाचा थर बसतो आणि तो वरच्या प्रत्येक गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला भासवतो की हा प्रोसेसर, ही मेमरी, ही डिस्क तुझीच. बिघाड दिसतो गेस्टमध्ये. त्याचं कारण मात्र गेस्टच्या आत, हायपरव्हायझरमध्ये, खालच्या स्टोरेजमध्ये, बायोसच्या एखाद्या खुणेत किंवा चार वर्षांपूर्वी कुणी घेऊन विसरलेल्या स्नॅपशॉटमध्येही असू शकतं. गेस्ट जे सांगते ते तिच्यापुरतं खरंच असतं, पण तिला खालचं काही दिसत नाही. तिची साक्ष नोंदवून घ्यावी, निकाल तिच्यावर देऊ नये. पुढच्या सगळ्या प्रकरणांमागे हा एक विचार आहे.

हा आंधळेपणा कुणाच्या हलगर्जीतून आलेला नाही, तो मुद्दाम घडवलेला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात १९६७च्या सुमारास सीपी-४० ही प्रणाली वापरात आली. सुधारणा केलेल्या एका सिस्टिम ३६० मॉडेल ४० संगणकावर ती एका वेळी १४ व्हर्च्युअल मशीन्स चालवू शकत असे. १९७२मध्ये आयबीएमने तिचीच पुढची पिढी व्हीएम ३७० या नावाने बाजारात आणली. १९७४मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा यंत्राच्या अटी गणिती शिस्तीत मांडल्या. त्यांतली पहिलीच अट अशी, की आतल्या प्रोग्रॅमचं वर्तन वेळेचा आणि उपलब्ध साधनांचा फरक वगळता खऱ्या यंत्रावर असतं तसंच असलं पाहिजे. वगळलेल्या या दोन गोष्टींकडे नीट पाहावं: वेळ आणि साधनं. सर्व्हरवरच्या निम्म्या तक्रारी या दोन फटींतूनच आत शिरतात.

आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर जे सहज जमलं ते घराघरांतल्या इंटेल प्रोसेसरवर मात्र जमत नव्हतं. पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीवर पेंटियम नापास होता. जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी २०००मध्ये त्याच्या १७ आज्ञा मोजून दाखवल्या. यंत्राच्या गाभ्याशी संबंधित असूनही सामान्य प्रोग्रॅमने दिल्यावर त्या हायपरव्हायझरला वर्दी देत नसत. त्यांतली 'पॉपएफ' तर खास लबाड. अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने तिच्यामार्फत इंटरप्ट बंद करायला सांगितलं, तर ती ना ऐकते, ना तक्रार करते. मेंडेल रोझेनब्लम, डायान ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये व्हीएमवेअर स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी वर्कस्टेशन विक्रीला आणलं. त्यांची युक्ती अशी, की गेस्टच्या गाभ्यातला असा कोड चालवण्याआधीच भाषांतर करून बदलून टाकायचा. इंटेलने प्रोसेसरमध्येच व्हीटी-एक्स ही सोय दिली ती २००५च्या अखेरीस, आणि एएमडीची पाठोपाठ २००६मध्ये आली.

हा इतिहास कोरडा वाटेल, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला तो लॅपटॉपवर रोज भेटतो. उबुंटूची ६४ बिट फाइल उतरवून तो व्हर्च्युअलबॉक्स उघडतो आणि यादीत फक्त ३२ बिटचेच पर्याय दिसतात. फाइल पुन्हा उतरवतो, व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाकतो, यादी तीच. कारण असं, की एएमडीने ६४ बिटची रचना करताना मेमरीचे जुने विभाग जवळजवळ मोडीत काढले, आणि भाषांतराची युक्ती नेमकी त्या विभागांच्या आधाराने उभी होती. म्हणून ६४ बिटच्या गेस्टला व्हीटी-एक्स किंवा एएमडीची तशी सोय लागतेच. ती प्रोसेसरमध्ये असते, पण अनेक संगणकांत बायोसमधून बंद ठेवलेली असते. एक खूण बदलली, संगणक पुरता बंद करून चालू केला, की यादी भरते. २०१९च्या डिसेंबरात आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.१ने तर प्रोसेसरच्या मदतीशिवाय चालण्याची वाटच बंद केली.

आजकालची तऱ्हा याहून वाकडी आहे. बायोसमध्ये खूण बरोबर आहे, काल सगळं नीट चाललं होतं, आज मशीन गोगलगाईच्या गतीने चालते. मधे काय झालं? कुणीतरी डॉकर टाकलं, विंडोजमधल्या लिनक्ससाठीची डब्ल्यूएसएल २ चालू केली किंवा सुरक्षेच्या पानावर मेमरी इंटिग्रिटीचं बटण दाबलं. या तिघांनाही विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर लागतो. तो चालू झाला की प्रोसेसरमधली सोय त्याच्या ताब्यात जाते, आणि गंमत अशी की खुद्द विंडोजच त्याच्या वर बसून चालू लागते. ज्याला मालक होस्ट समजत होता तोही आता एका अर्थाने वरच्या मजल्यावर राहायला गेलेला असतो. पूर्वी व्हीएमवेअर वर्कस्टेशन अशा वेळी क्रेडेन्शियल गार्डशी जमत नाही असं सांगून अडून बसे, २०२०च्या १५.५.५ आवृत्तीपासून ते जुळवून घेऊ लागलं. व्हर्च्युअलबॉक्स ६.०पासून अडत नाही, पण हळू चालतं आणि खिडकीच्या तळाशी एक छोटं हिरवं कासव दाखवतं. इतक्या प्रामाणिक चिन्हाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, ही दुर्दैवाची गोष्ट. हायपरव्हायझर बंद करता येतो, पण मग डब्ल्यूएसएल आणि ते सुरक्षाकवचही जातं. दोन्ही हवं असेल तर कासव सहन करावं लागतं, किंवा हायपर-व्हीवरच मशीन हलवावी लागते. फुकटची तिसरी वाट नाही.

अ‍ॅपलच्या लॅपटॉपवाल्यांचा प्रश्न निराळाच आहे. २०२०च्या नोव्हेंबरपासून आलेल्या एम मालिकेच्या चिपा एआरएम रचनेच्या आहेत, त्यांवर इंटेलसाठी बनवलेली गेस्ट प्रोसेसरच्या बळावर चालणारच नाही. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, त्याच प्रणालीची एआरएम आवृत्ती शोधावी लागते.

नेटवर्कच्या तक्रारींत एक फार जुनी आहे. ऑफिसात केबलवर ब्रिज्ड पद्धतीने मशीनला आयपी मिळतो, घरी वाय-फायवर मिळत नाही. गेस्टमध्ये पाहिलं तर कार्ड चालू, केबल जोडलेली, ड्रायव्हर जागच्या जागी. अडचण हवेत असते. वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट फक्त त्याच्याशी रीतसर जोडल्या गेलेल्या मॅक पत्त्याशी बोलतो आणि व्हर्च्युअल कार्डाचा पत्ता वेगळा असतो. हायपरव्हायझर पत्ते बदलून वेळ मारून नेतो, पण सगळीकडे ते साधत नाही. एनएटीवर टाकलं की काम होतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्टला तेव्हा १०.०.२.१५ हा ठरलेला पत्ता मिळतो. मात्र बाहेरून त्या मशीनपर्यंत पोचायचं असेल तर पोर्ट वेगळं उघडून द्यावं लागतं.

सर्व्हरवर आल्यावर खेळ बदलतो, कारण तिथे साधनांची वाटणी सुरू होते. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका पाचशे वाटायच्या आणि स्वयंपाक साडेतीनशेचा करायचा, तसा हा व्यवहार आहे. सगळे एकदम येत नाहीत या अनुभवावर तो चालतो, आणि बहुतेक दिवस उत्तम चालतो. ज्या दिवशी सगळे एकदम पंगतीला बसतात त्या दिवशी प्रत्येक गेस्टची तक्रार वेगळी असते आणि कारण एकच.

प्रोसेसरचंच घ्या. डेटाबेसचा सर्व्हर हळू झाला म्हणून कुणी त्याला ४ऐवजी ८ व्हीसीपीयू, म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर देतो आणि तो आणखी हळू होतो. गेस्टच्या टास्क मॅनेजरमध्ये याचं उत्तर नाही. ते व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरच्या 'रेडी' या आकड्यात आहे. चालायला तयार असूनही खऱ्या कोअरची वाट पाहण्यात गेलेला वेळ तो आकडा दाखवतो. व्हीसेंटरचा तात्कालिक आलेख २० सेकंदांच्या टप्प्यांनी चालतो, म्हणून त्यात २,००० मिलिसेकंद दिसले तर ते १० टक्के झाले. दर व्हीसीपीयूमागे एवढं दिसलं तर बहुतेक जाणकार होस्टवर गर्दी झाली असंच समजतात. अशा वेळी व्हीसीपीयू वाढवण्याऐवजी कमी करून पाहावेत. लिनक्सच्या गेस्टला मात्र खालचं थोडंसं दिसतं. केव्हीएम किंवा झेनवर 'टॉप' या आज्ञेच्या ओळीत शेवटी 'एसटी' हा आकडा असतो. तो आपल्याकडून हिरावल्या गेलेल्या वेळाचा. क्लाउडमध्ये होस्टला हात लावता येत नाही, तिथे या आकड्याचं मोल फार. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत आपले क्लाउड विभाग सुरू केले. त्यामुळे सर्व्हर आता आपल्याच गावात असला, तरी त्याच्या खोलीत जाता येईल असं मुळीच नाही.

मेमरीची गोष्ट याहून मजेदार. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२मध्ये ईएसएक्सच्या मेमरी व्यवस्थेवर निबंध लिहिला, त्यात 'बलून' नावाची युक्ती आहे. होस्टवर मेमरी कमी पडली की गेस्टमध्ये बसवलेला एक छोटा ड्रायव्हर फुगतो, गेस्टकडून मेमरी मागून घेतो आणि ती खाली होस्टला देतो. काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे गेस्टचं गेस्ट ठरवते, कारण तिलाच ते कळतं. युक्ती देखणी आहे, पण निदान करणाऱ्याला ती चकवते. विंडोज सांगते मेमरी ९० टक्के भरली, आणि सगळ्या प्रोसेसची बेरीज निम्मीही होत नाही. मेमरी गळतेय असं समजून लोक ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांच्या मागे लागतात. मायक्रोसॉफ्टचं रॅममॅप हे छोटं साधन उघडलं तर 'ड्रायव्हर लॉक्ड' या रकान्यात गायब झालेली मेमरी सापडते. ॲप्लिकेशन निर्दोष सुटतं.

आता स्नॅपशॉट. व्हर्च्युअल मशीनच्या जगात एवढी सोयीची आणि एवढी घात करणारी दुसरी सोय नाही. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि पुढचं सगळं लिखाण एका वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. मशीन जशी काम करते तशी ती फाइल फुगत जाते. एकच स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि साखळीत ३२ची मर्यादा असली तरी दोन-तीनांवर जाऊ नये, असा व्हीएमवेअरचा सल्ला आहे. प्रत्यक्षात पॅच टाकण्यापूर्वी घेतलेला स्नॅपशॉट वर्षभर पडून राहतो. एके रात्री डेटास्टोअर भरतो, मशीन जागच्या जागी थांबते आणि जागा नाही, पुन्हा प्रयत्न करू का, असा प्रश्न विचारत बसते. इथवर काहीच गेलेलं नसतं. नुकसान होतं ते पुढच्या पाच मिनिटांत. घाबरलेला माणूस जागा करण्यासाठी फाइलींची यादी उघडतो, शेवटी ०००००१ असलेली मोठी फाइल त्याला जुनी किंवा जादाची वाटते आणि तो ती हाताने उडवतो. वर्षभराचं लिखाण त्या फाइलमध्ये होतं. मूळ डिस्क आता वर्षापूर्वीच्या तारखेवर उभी आहे. अशा वेळी दुसरं काहीतरी हलवून जागा करावी, डेटास्टोअर वाढवावा, पण साखळीतल्या फाइलला हात लावू नये.

मागच्या स्नॅपशॉटवर परत जाणंही नेहमी निरुपद्रवी नसतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या सर्व्हरला असं मागे नेलं, की त्याच्या बदलांचे क्रमांकही मागे जातात. बाकीचे सर्व्हर म्हणतात हे क्रमांक आम्ही कधीच घेतले आहेत, आणि त्याचे नवे बदल मुकाट्याने सोडून देतात. एकीकडे तयार केलेला वापरकर्ता दुसरीकडे दिसत नाही. विंडोज सर्व्हर २०१२पासून हायपरव्हायझर एक ओळखक्रमांक पुरवतो. तो बदलला की सर्व्हरला कळतं की आपल्याला मागे नेलंय. खालच्या थराने वरच्याला खरं सांगण्याच्या थोडक्या उदाहरणांपैकी हे एक.

सगळ्यांत वाईट बिघाड तो, ज्याची एररच येत नाही. २०१४च्या ऑक्टोबरात व्हीएमवेअरने जाहीर केलेला दोष असाच होता. रोजचा बॅकअप संपूर्ण डिस्क उचलत नाही. कालपासून बदललेले तुकडे कोणते ते हायपरव्हायझरला विचारतो आणि तेवढेच उचलतो. डिस्क १२८ जीबीच्या पुढे वाढवलेली असेल तर ४.० ते ५.५ या आवृत्त्यांत या प्रश्नाचं उत्तर चुकू शकत असे. बॅकअप रोज 'यशस्वी' होई, हिरवी खूण येई, आणि परत आणायच्या दिवशी आतला डेटा खराब निघे. जिथे कुणी अधूनमधून बॅकअप उघडून पाहत होतं, तिथेच तो वेळेत सापडण्याची शक्यता होती.

याच्या उलट, सगळं गेलं असं वाटताना बरंचसं शाबूत निघाल्याचंही उदाहरण आहे. २०२३च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआय-आर्ग्स नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातले काही हजार होस्ट बंद पाडले. दोन वर्षं आधी पॅच निघालेल्या दोषातूनच हा हल्ला आला, असं तेव्हा मानलं गेलं. ईएसएक्सआयवर डिस्क म्हणजे दोन फाइली असतात. एक काही ओळींची वर्णनाची आणि दुसरी 'फ्लॅट' म्हणजे प्रत्यक्ष माल असलेली, शेकडो जीबींची. पहिल्या लाटेत अनेक ठिकाणी वर्णनाची फाइल कुलूपबंद झाली होती आणि फ्लॅट तशीच पडून होती. तुर्कस्तानातल्या दोन संशोधकांनी वाट दाखवली: तेवढ्याच आकाराची नवी रिकामी डिस्क बनवा, तिचं वर्णन घ्या, त्यात जुन्या फ्लॅटचं नाव घाला. अमेरिकेच्या सिसा या संस्थेने त्यावरून स्क्रिप्ट तयार करून सर्वांना दिली. हल्लेखोरांनी लवकरच पद्धत सुधारली, हा भाग वेगळा. पण डिस्कच्या फाइलींची रचना ज्यांना ठाऊक होती, त्यांच्या मशीन्स खंडणी न देता उठल्या.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर नेली. त्या दिवशी मात्र व्हर्च्युअल असणं फायद्याचं ठरलं. लॅपटॉपपाशी माणूस पाठवावा लागत होता. व्हर्च्युअल मशीनची डिस्क सोडवायची, दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडायची, ती एक फाइल पुसायची आणि डिस्क परत लावायची, हे सगळं खुर्चीतून होत होतं. ॲझ्युअरच्या ग्राहकांना तर १५ वेळापर्यंत रीस्टार्ट करून पाहा असाही सल्ला मिळाला, आणि काहींचं काम त्यानेच भागलं. २००८च्या ऑगस्टात मात्र हाच सल्ला घातक ठरला असता.

सध्या या विषयाला जी निकड आली आहे तिचं कारण तांत्रिक नाही. २२ नोव्हेंबर २०२३ला ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि लगोलग कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवून वर्गणी सुरू केली. खर्चाचा आकडा पाहून अनेकांनी प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही अशा वाटा धरल्या. वर्षानुवर्षं न हललेल्या मशीन्स एका हायपरव्हायझरवरून दुसऱ्यावर जाऊ लागल्या आणि ठरावीक बिघाडांचं पीक आलं. विंडोजची मशीन नव्या घरी 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळी पडते, कारण व्हर्टआयओ डिस्कचा ड्रायव्हर तिच्यात नसतो. तिला आधी साटा डिस्कवर उठवावं, सोबत व्हर्टआयओची एक छोटी रिकामी डिस्क जोडावी, विंडोजला ड्रायव्हर घेऊ द्यावा आणि मगच मूळ डिस्क तिकडे वळवावी. मूळ मशीन बायोसवर बसवलेली असेल आणि नवी यूईएफआयवर बनवली, तर एवढंही घडत नाही, डिस्क बूटच होत नाही. लिनक्सची मशीन उठते, पण नेटवर्क नसतं. व्हीएमवेअरवर ज्या कार्डाचं नाव ईएनएस१९२ होतं ते प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८ झालेलं असतं आणि ठरावीक आयपी जुन्या नावालाच चिकटलेला असतो. विंडोजमध्ये तोच आयपी पुन्हा द्यायला गेलं की तो दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे असं उत्तर येतं. ते कार्ड दिसत नाही, कारण ते जुन्या घरीच राहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून त्याला काढावं लागतं.

पुढची प्रकरणं या सगळ्याकडे थर लावून पाहतात. आधी बायोस आणि प्रोसेसर, मग हायपरव्हायझर, मग स्टोरेज आणि नेटवर्क, आणि शेवटी गेस्ट. घाई असलेल्या वाचकाने निदान लॉगचं प्रकरण आधी वाचावं. व्हीएमवेअरमध्ये प्रत्येक मशीनच्या फोल्डरात व्हीएमवेअर डॉट लॉग असते आणि मशीन नव्याने सुरू झाली की जुनी क्रमांक लावून बाजूला ठेवली जाते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या फोल्डरात लॉग्स नावाचं वेगळं फोल्डर असतं. लिबव्हर्टवर चालणाऱ्या केव्हीएमच्या नोंदी व्हार, लॉग, लिबव्हर्ट, क्यूईएमयू या वाटेने सापडतात. जुन्या लॉग ठरावीक संख्येपुरत्याच राहतात. वारंवार रीस्टार्ट करत गेलं की पहिल्या बिघाडाची नोंद असलेली फाइल सगळ्यांत आधी पुसली जाते, म्हणून रीस्टार्टपूर्वी ती दुसरीकडे उतरवून घ्यावी.